पेटीतलं पाणी

मला त्या हिरव्या ठिपक्याची शिसारी आहे. आजही कुठल्या भिंतीवर नकाशा टांगलेला दिसला की माझी नजर आधी वऱ्हाडावर जाते, अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध, आणि तोंड कडू होतं.

तो ठिपका मीच भरला होता. अमरावतीत एका भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. देश हवेत किती वायू सोडतो आणि हवामान बिघडल्यामुळे कुठे किती धोका आहे, याचा हिशेब दिल्लीला जातो, तिथून परदेशात. त्यातला दोन जिल्ह्यांचा वाटा आम्ही तयार करायचो. म्हशी किती, बैल किती, रवंथ करताना ते किती वायू सोडतात, युरियाच्या गोण्या किती, वीटभट्ट्या किती. शिवाय कुठे ऊन किती तापतं आणि पाऊस किती दडी मारतो. धोका जास्त असेल तो ठिपका लाल, मधला असेल तो पिवळा, कमी असेल तो हिरवा. याच आकड्यांवर उन्हाची सूचनाही निघायची. गावाजवळच्या थर्मामीटरचा पारा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की त्या भागातली दुपारची सरकारी कामं बंद ठेवायची, असा आदेश होता. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. बाहेर गावंच्या गावं करपत होती आणि आम्ही एसी लावून म्हशींचे ढेकर मोजत होतो.

सगळा नकाशा लाल, त्यात लोणझरीचा एक ठिपका हिरवागार. लोणझरी मूर्तिजापूरच्या अलीकडे. तिथे एक सरकारी बियाण्यांचं फार्म आहे, त्याच्या आवारात आमचं थर्मामीटर. तीन उन्हाळे झाले, तिथला पारा कधी रेघेपर्यंत पोचलाच नव्हता. आमचे प्रमुख काळमेघ साहेब त्या ठिपक्याच्या प्रेमात पडले. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच त्या फार्मवर झाडं लावायला पैसे मिळवून दिले होते. झाडं लागली, हवा गार झाली, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर त्यांनी भाषणं दिली, शाल-श्रीफळ घेतलं, आणि मे महिन्यात दिल्लीची मंडळी तो चमत्कार बघायला येणार होती. तीन वर्षांचं झाड एवढा गारवा कसा देईल, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आकडा बोलतो तेव्हा आपण गप्प बसायचं असतं. मी कंत्राटी होते. गप्प बसले.

एप्रिलमध्ये एका दुपारी खातूनबी आली. वॉचमननं दोनदा पुढून हाकलल्यावर ती मागच्या दारानं आत शिरली. पन्नाशीची बाई, डोक्यावर ओढणी घट्ट, चपला दाराशी काढून ठेवलेल्या. थंड फरशीवर पाय पडताच ती जरा थबकली, मग थेट माझ्या टेबलाशी आली, कारण बाईमाणूस मीच होते.

लोणझरीच्या त्याच फार्मवर ती झाडलोट करायची आणि पाणी भरायची. मोहसीन तिचा मुलगा. तिचा नवरा गेल्यावर त्यानं नातेवाइकाची मक्त्यानं केलेली शेती अळीनं खाल्ली, तेव्हा तो फार्मवर ठेकेदाराच्या हाताखाली खड्डे खोदायला लागला होता. झाडांचेच खड्डे, दरसाल नवे, काळमेघ साहेबांच्या झाडांचे. मागच्या मे महिन्यात भरदुपारी कुदळ हातात असतानाच तो कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. ठेकेदारानं लगेच उठवून दिलं की पोरगा दारू पिऊन कामावर आला होता. तालुक्याच्या समितीनं थर्मामीटरची नोंद काढली. त्या दिवशी तिथे चाळीसच अंश होतं. एवढ्या उन्हानं माणूस मरत नाही, असं ठरलं. कारण अज्ञात. तिथल्या एका बाबूनं तर हसून म्हटलं म्हणे, चाळीसमध्ये तर वऱ्हाडात लोक स्वेटर घालतात.

मोहसीननं कधी थेंबाला हात लावला नव्हता, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं. पण मेलेल्या माणसाला बोलता येत नाही आणि ठेकेदाराला येतं. तुबाचं, मोहसीनच्या बहिणीचं, मूर्तिजापुरात ठरलेलं लग्न मोडलं. दारुड्याच्या घरची मुलगी नको, म्हणाले.

"मले पैसा नाई पायजे, बेटा," खातूनबी म्हणाली. "मले फक्त लिहून पायजे का माहं पोरगं उन्हानं गेलं. त्या दिवशी किती ऊन होतं ते तुमच्याकडं लिहेल असते म्हणतेत. तेवढं काढून दे."

काळमेघ साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं की आपण हवामानाचं काम करतो, मयतीचं नाही. मग वॉचमनला हाक मारली. जाताना तिनं मला नुसतं येऊन बघायला सांगितलं, त्या जागेवर दुपारी उभं राहून बघ म्हणाली.

ती गेल्यावर मी तो दिवस काढला. अकोला सेहेचाळीस. अमरावती पंचेचाळीसच्या वर. लोणझरी चाळीस. अकोल्याहून निघालेलं ऊन अमरावतीला पोचतं आणि मधे लोणझरीला उतरतच नाही, असं कसं होईल? तीन उन्हाळे हा आकडा मी दररोज बघत होते, आणि तो मला तेव्हा पहिल्यांदा अश्लील वाटला.

रविवारी मी एसटीनं मूर्तिजापूर गाठलं आणि तिथून ऑटोनं लोणझरी. मी इथल्याच भातकुलीची आहे, ऊन मला नवं नाही. पण फार्मच्या फाटकातून आत गेले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. झाडं कुठे आहेत, ते शोधावं लागलं. बांबूच्या जाळ्या रांगेनं उभ्या होत्या, प्रत्येकीला हिरवा रंग आणि योजनेच्या नावाची पाटी. आत झाड नव्हतं. कुठे वाळलेली काडी, कुठे तीही नाही. एका जाळीत कुत्रं निजलं होतं. साहेबांचा चमत्कार तो हाच.

फाटकाजवळ एक कडुनिंब होता, त्याच्याखाली खड्डे खोदणारे मजूर बसले होते. खातूनबीनं मला बघितलं, ओळखलं, आणि आधी पाणी विचारलं. मग स्टीलचं पाण्याचं भांडं, म्हणजे आमच्याकडचा गंज, घेऊन ती आवाराच्या मधोमध गेली. तिथे तारेच्या कुंपणात, लोखंडी पायांवर, झडपांची पांढरी लाकडी पेटी उभी होती. तिनं पेटीचं दार उघडलं, आत हात घातला, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या माठातून गंज भरून आणला.

पाणी इतकं थंड होतं की दाढा ठणकल्या. मी अर्धा गंज प्यायले आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी काय बघितलं आहे.

तिच्या दृष्टीनं त्याहून शहाणपणाचं काही नव्हतं. फार्मवर उन्हाळ्यात पाणपोई लावायची तिची जुनी रीत. तहानलेल्याला पाणी पाजणं सवाबाचं, पुण्याचं काम, तिच्या सासूपासून चालत आलेलं. निंबाखाली माठ ठेवला तर कुत्री तोंड घालत आणि दुपारी सावली सरकली की पाणी तापे. ही पेटी आली, तशी तिनं ती नीट पारखली. उंचावर, कुलूप नाही, वर डबल छत, चारी बाजूंनी झडपा, वारा आरपार. आत दोन नळ्या टांगलेल्या होत्या, त्यांना धक्का न लावता माठ बरोबर मावत होता. सरकारनं एवढी चांगली पेटी दोन नळ्यांसाठी केली असेल, हे तिला पटलंच नव्हतं. दर दोन तासांनी ती गोणपाट भिजवायची. मजुरांमध्ये 'पेटीतलं पाणी' प्रसिद्ध होतं.

"मोहसीन बी हेच पेत होता," ती म्हणाली. "म्हने, अम्मी, तुह्या पेटीसारखं पानी अकोल्यात नाई भेटत."

मी गंज खाली ठेवला. ओल्या गोणपाटानं त्या पेटीत कूलर लावल्यासारखं झालं होतं. पारा तीन उन्हाळे माठाची थंडी सांगत होता. तो चाळीसवर बसला म्हणून दुपारचं काम बंद करायची सूचना निघाली नाही, काम चालू राहिलं, मोहसीन कोसळला, आणि पुन्हा त्याच चाळीसनं समितीपुढे उभं राहून सांगितलं की ऊन नव्हतंच. हे मी त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी तिला एवढंच म्हटलं की यंत्रात बिघाड आहे आणि मी साहेबांशी बोलते.

पारा वाचायचं काम गोवर्धनकडे होतं, फार्मच्या कारकुनाकडे. तो रोज दुपारी पेटी उघडायचा, माठाच्या वरून मान वाकडी करून आकडा वाचायचा, गंजभर पाणी प्यायचा आणि मोबाईलवरून आकडा पाठवायचा. मी त्याला गाठलं. त्याला लाज वगैरे काही वाटली नाही. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येतात, म्हणाला, ते बी हेच पानी पेतेत आन् वा वा करतेत. मग त्यानं मलाच समजावलं.

"मॅडम, तहान माणसाले लागते, थर्मामीटरले नाई."

मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. कारण तो खरं बोलत होता, आणि त्याच्या खऱ्यानं एक माणूस मेला होता. आणि तपासणीचे साहेब. पेटी उघडून माठ बघूनही ज्यांना आधी पाणीच सुचलं, त्यांचं काय करायचं?

सोमवारी मी काळमेघ साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, दचकतील. ते दचकले नाहीत, फक्त उठून केबिनचं दार लावून आले. आकडे दिल्लीला गेलेत, म्हणाले, अहवाल छापून झालाय, त्यात लोणझरीवर चार पानं आणि माझा फोटो आहे. आता काय म्हणायचं, आम्ही तीन वर्षं रांजणाचा ताप मोजला? मी म्हटलं, हो, असंच म्हणायचं, आणि समितीला कळवायचं, म्हणजे त्या मुलावरचा दारूचा डाग तरी पुसला जाईल.

साहेब ऑफिसात पुस्तकी मराठी बोलत. पोटातलं बोलताना मात्र त्यांची वऱ्हाडी बाहेर येई.

"पाह्य प्रणाली, कळवू आपन. सरकारी यंत्रात कोनं हात घातला? त्या बुढीनं. तिचं काम जाईन, वरून पोलिसात तक्रार होईन. आन् तिले सांगा लागन का माय, तुह्या पोराले तूच मारलं. सांगतं तू? सांग."

त्यांनी टेबलावरच्या डब्यातली सुपारी तोंडात टाकली आणि मला पेटी रिकामी करून घ्यायला सांगितलं, पाहुण्यांच्या आदल्या संध्याकाळी, गुपचूप. नंतर बघू म्हणाले. तो माणूस सुपारी चघळत होता आणि मला त्याच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. किळस म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मेच्या मध्यावर दिल्लीची मंडळी आली. दोन एसी गाड्या, पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा खोका, गळ्यात ओळखपत्रं. आदल्या रात्री ट्रॅक्टरनं झाडं आणून जाळ्यांत खोचली होती, मुळाशी पिशव्या तशाच. सकाळी ती बरी दिसत होती, दुपारपर्यंत त्यांनी माना टाकल्या. माठ गोवर्धननं निंबाखाली नेऊन ठेवला होता. खातूनबीनं कारण विचारलं तर पाहुणे येऊन राहिले, एवढंच तिला सांगितलं होतं.

पाहुणे गोदामात चहा घेत होते तेव्हा साहेबांनी खात्री करायला पेटी उघडली. मी मागेच होते. पारा सेहेचाळीसला टेकला होता. माठ काढल्यावर तो खरं बोलणार, हे तीन वर्षं गारव्याची भाषणं देणाऱ्या माणसाला सुचलंच नव्हतं. आता दहा मिनिटांत पाहुणे येणार आणि त्या हिरव्या ठिपक्यात सेहेचाळीस अंश बघणार. साहेबांच्या कानामागून घाम निथळला. ते गोवर्धनवर खेकसले की माठ आण, भिजवून आण, लवकर.

गोवर्धननं मजुरांच्या पुढ्यातून माठ उचलला. एकजण गंज हातात धरून तसाच बसून राहिला. खातूनबी माठाच्या मागोमाग कुंपणापर्यंत आली आणि वाट अडवून उभी राहिली. काल काढायला लावला, आज ठेवायला लावता, तिकडे माणसं तहानलेली आहेत, हे काय चाललंय, तिनं विचारलं.

साहेबांना वेळ नव्हता. गोदामाचं दार उघडल्याचा आवाज आला होता. मी पुढे झाले, त्यांचा हात धरला, पण तोंड कोण धरणार.

"तुह्या माठानंच पारा खाली रायला, बुढे. तुह्या माठानंच काम बंद नाई झालं, आन् तुह्या माठानंच तुह्या पोराचा कागद आला नाई. आता गुमान ठेवू दे, नाई तं हे सगळ्याईले सांगतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. हे खरं आहे का, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं आणि मी मान खाली घातली. ती पेटीकडे वळली. दार उघडंच होतं. आत ती दोन नळ्या बघत राहिली, ज्यांना तिनं तीन वर्षं जपून धक्का लागू दिला नव्हता. तिला आकडे वाचता येत होते.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी घाम पुसत विचारलं, ये अम्मा क्या कह रही थीं? साहेबांनी चेहऱ्यावर हसू चढवलं आणि सांगायला सुरुवात केली की ही आमची जुनी सेविका, इथली पाणपोईची परंपरा जपते, लोकसहभागाचं उत्तम उदाहरण. तिची भाषा पाहुण्यांना कळणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. खातूनबीच्या घरात कोणती भाषा बोलतात, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

"झूठ बोल रहे हैं," खातूनबी म्हणाली. "माठ मैंने रखा था इस पेटी में, तीन साल। मेरी गलती है, लिखो। लेकिन मेरा मोहसीन दारू से नहीं, धूप से मरा। ये भी लिखो। दोनों लिखो।"

मोठ्या बाईंनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी जमिनीकडे. मग त्या मला म्हणाल्या की तुम्ही सांगा. मी सांगितलं, सगळं, मोहसीनसकट. त्यांनी लिहून घेतलं, खातूनबीचा हात हातात घेतला, वेरी सॅड म्हणाल्या, आणि सीलबंद बाटलीतलं पाणी पीत गाडीत जाऊन बसल्या.

त्यांनी निम्मं लिहिलं. महिन्याभरात आदेश आला की लोणझरीच्या यंत्रात स्थानिक कर्मचाऱ्याकडून छेडछाड झाली. खातूनबीचं काम गेलं, कंत्राट संपल्यावर माझंही. पेटीला कुलूप लागलं. निंबाखालचा माठही काढायला लावला, परत काही घोटाळा नको म्हणून. काळमेघ साहेबांचं काय होणार? लोणझरीचा ठिपका लाल झाला, आणि लाल ठिपक्याला जास्त निधी असतो. त्यांनी नवी योजना आणली.

पावसाळा लागल्यावर मी खातूनबीच्या घरी गेले. तुबा दारात बसून शिलाई मशीनवर काम करत होती. मी त्यांना नवा नकाशा दाखवला, कारण दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. खातूनबीनं लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की आता समिती मोहसीनचं कारण बदलेल ना. मला सांगावंच लागलं. या उन्हाळ्यापासून पुढचं लाल केलंय. मागची तीन वर्षं तशीच हिरवी ठेवलीत. छापून झालेलं मागे घेत नाहीत. सरकारी हिशेबात लोणझरीत ऊन मोहसीन गेल्यानंतर पडायला लागलं.

तिनं नकाशा नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. आत गेली, माझ्यासाठी पाणी आणलं. साधं, कोमट पाणी.

"मंग असं तरी लिहून दे, बेटा," ती म्हणाली, "का मोहसीन हिवानं मेला."